आवड, सवय आणि चटक

अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यात फॉन्ड डु लॅक नावाचे एक लहान शहर आहे. १७ मे १९७२ रोजी डॉन गोर्स्की हे तेथील तरुण गृहस्थ आपली मोटार घेऊन मॅक्डोनाल्ड्सच्या उपाहारगृहात गेले आणि त्यांनी 'बिग मॅक' नावाचा बर्गर मागविला. तिळाच्या पावाचे तीन थर, त्यांत मांसाच्या दोन चकत्या, चीज, कोबीसारखी लेट्यूसची पाने, कांदा, मुरवलेली काकडी आणि एक विशिष्ट सॉस, असा हा पदार्थ. तो त्यांना इतका भावला की त्या एका दिवसात त्यांनी नऊ बिग मॅक खाल्ले. पहिल्या महिन्याची संख्या २६५ झाली. त्यानंतर पन्नासहून अधिक वर्षे लोटली. तुरुंगातील पहारेकऱ्याची नोकरी करून ते निवृत्तही झाले. परंतु बिग मॅकविना गेलेले त्यांचे दिवस बोटांवर मोजण्याइतकेच आहेत. २०१८ साली त्यांनी ३०,०००वा बिग मॅक खाल्ला. २०२३ या एका वर्षात त्यांनी ७२८ खाल्ले आणि गिनीजच्या नोंदीत त्यांची एकूण संख्या ३४,१२८ झाली.

त्यांनी पावत्या जपून ठेवल्या, खोकी जपून ठेवली, दिनदर्शिकेवर नोंदी केल्या. लग्नाची मागणीसुद्धा त्यांनी मॅक्डोनाल्ड्सच्या आवारातच घातली. एकदा हिमवादळामुळे उपाहारगृह बंद राहिले, तेव्हापासून अडीअडचणीला म्हणून ते घरच्या फ्रीजरमध्ये काही बिग मॅक ठेवू लागले. २००४ साली प्रदर्शित झालेल्या 'सुपर साइज मी' या माहितीपटातही ते दिसले होते.

वाचकहो, ही हकीकत वाचून ओठांवर हसू येणे स्वाभाविक आहे. तथापि, कोणाची टर उडविण्यासाठी ती येथे दिलेली नाही. एकाने दुसऱ्याची टिंगल करू नये, कदाचित तो त्याच्याहून चांगला असेल, ही सूरह अल-हुजुरातची (४९:११) शिकवण आपल्याला बांधून ठेवते. गोर्स्की यांनी कोणाचे काही हिरावून घेतलेले नाही. स्वतःच्या कमाईचे खाल्ले, रोज पायी चालण्याचा व्यायाम केला आणि आपली प्रकृती ठीक असल्याचे ते सांगत आले आहेत. त्यांच्या ताटातील मांस कोणत्या जबीहाचे, हा प्रश्नही येथे बाजूला ठेवू. तो स्वतंत्र विषय आहे. आपला प्रश्न निराळा आहे. पदार्थ हलाल आहे, पैसा हलाल आहे, शरीरही अद्याप तक्रार करीत नाही. अशा वेळी माणसाने एकाच पदार्थाला आयुष्यभर चिकटून राहावे काय? शरीअतचे त्याविषयी काही म्हणणे आहे काय?

आधी एक गैरसमज दूर करू. इस्लामने चवीशी वैर धरलेले नाही. सूरह अल-आराफमध्ये (७:३१) आदमच्या संततीला खाण्यापिण्याची आज्ञा आहे आणि तिच्या लगत 'इसराफ' म्हणजे अतिरेक न करण्याची ताकीद आहे. परंतु पुष्कळ वक्ते ही आयत सांगून थांबतात. पुढच्याच आयतीत (७:३२) असा सवाल केला आहे की, अल्लाहने आपल्या दासांसाठी निर्माण केलेली शोभा आणि अन्नातील उत्तम वस्तू यांना निषिद्ध कोणी ठरविले? या दोन आयती एकमेकींचा हात धरून उभ्या आहेत. एकीने ताटाला मर्यादा घातली, दुसरीने ते ताट हिसकावून घेणाऱ्याला अडविले.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनाही आवडीनिवडी होत्या. मांसातील पुढच्या पायाचा भाग त्यांना आवडे. एका शिंप्याने त्यांना जेवणाचे आमंत्रण दिले होते. हजरत अनस बिन मालिक (रजि.) त्या वेळी सोबत होते. रश्श्यात दुध्याच्या फोडी होत्या आणि प्रेषित (स.) ताटाच्या कडेकडेने त्या फोडी शोधून खात असल्याचे हजरत अनस यांनी पाहिले. त्या दिवसापासून आपल्यालाही दुध्या आवडू लागला, असे ते सांगतात. (हदीस : बुखारी) उलट, एकदा भाजलेली घोरपडीसारखी 'जब्ब' त्यांच्यापुढे आली, तेव्हा त्यांनी हात मागे घेतला. हे हराम आहे काय, असे हजरत खालिद बिन वलीद (रजि.) यांनी विचारले. नाही, परंतु आमच्या लोकांच्या प्रदेशात ते नसते म्हणून मला ते रुचत नाही, अशा आशयाचे उत्तर मिळाले. मग हजरत खालिद यांनी ते ओढून घेतले आणि त्यांच्या देखत खाल्ले. (हदीस : बुखारी) म्हणजे एखादी वस्तू आवडणे हा गुन्हा नाही, न आवडणे हाही गुन्हा नाही. अन्नाला नाव ठेवणे मात्र त्यांच्या स्वभावात नव्हते. रुचले तर खात, न रुचले तर सोडून देत.

मग बिघडते कोठे? येथे आठव्या हिजरी शतकातील थोर विद्वान इमाम इब्ने कय्यिम (रह.) यांचे एक निरीक्षण फार मोलाचे आहे. 'जादुल मआद' या ग्रंथात प्रेषितांच्या आहारपद्धतीचे वर्णन करताना ते लिहितात की, एकाच प्रकारच्या अन्नावर स्वतःला डांबून ठेवावे आणि त्यापलीकडे जाऊच नये, अशी प्रेषितांची सवय नव्हती. कारण त्यामुळे प्रकृतीला मोठी हानी पोहोचते. आपल्या प्रदेशातील लोक जे खात, ते प्रेषित (स.) खात : मांस, फळे, भाकरी, खजूर. एका पदार्थाच्या गुणधर्माला तोल आणण्यासाठी दुसरा पदार्थ सोबत घेत. ताजा खजूर काकडीबरोबर खाल्ल्याचे हदीसमध्ये नमूद आहेच. इमाम साहेबांचा काळ लक्षात घ्या. त्यांच्या निधनाला पावणेसातशे वर्षे होत आली. आज मॅक्डोनाल्ड्सच्या एका बिग मॅकमध्ये सुमारे १००० मिलिग्रॅम सोडियम असते आणि प्रौढ माणसाने दिवसभरात २००० मिलिग्रॅमपेक्षा कमी सोडियम घ्यावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. दोन बर्गरमध्ये दिवसाची सगळी मर्यादा संपली. पुढच्या घासाचे मीठ जादाच. एखाद्याचे शरीर ते सोसते, ही अल्लाहची त्याच्यावरील कृपा. दुसऱ्याने तिच्या भरवशावर राहू नये.

परंतु केवळ आरोग्याचा मुद्दा घेऊन थांबलो, तर हा लेख वैद्यांनीच लिहिलेला बरा. कुरआनात एकाच अन्नाचा प्रसंग आला आहे आणि तो विचार करायला लावणारा आहे. बनी इसराईल वाळवंटात असताना अल्लाहने त्यांच्यासाठी 'मन्न' आणि 'सलवा' उतरविले. काही काळाने ते हजरत मूसा (अलै.) यांना म्हणाले की, एकाच अन्नावर आमचे भागत नाही, आपल्या पालनकर्त्याकडे आमच्यासाठी भाजीपाला, काकडी, लसूण, मसूर आणि कांदा मागा. (२:६१) (योगायोग पाहा, त्या मागणीतील काकडी आणि कांदा गोर्स्की यांच्या बर्गरमध्ये आहेत, मसुरीला तेवढी जागा मिळालेली नाही!) हजरत मूसा यांनी त्यांना खडसावले. का? डाळ-कांदा मागणे हे पाप होते म्हणून नव्हे. ज्या गुलामीतून अल्लाहने त्यांना सोडविले होते, त्या मिसरच्या स्वयंपाकघराची आठवण त्यांना स्वातंत्र्याहून अधिक गोड वाटू लागली होती म्हणून. त्यांचे पाय वाळवंटात मोकळे होते, पण जीभ मिसरमध्येच अडकून पडली होती.

यापुढे एक दुसरे चित्र ठेवा. उम्मुल मोमिनीन हजरत आयशा (रजि.) आपल्या भाच्याला सांगतात की, आम्ही दोन महिन्यांत तीन चंद्रकोरी पाहत असू आणि प्रेषितांच्या घरांत चूल पेटलेली नसे. मग जगत कशावर होता, या प्रश्नाला त्यांचे उत्तर होते : खजूर आणि पाणी. (हदीस : बुखारी, मुस्लिम) हेही एकच अन्न. येथे ना कुरकुर आहे, ना त्या खजुराचे वेड. मांस आले की मांस, सिरका असला की सिरक्याची प्रशंसा, काही नसले की रोजा. एकाच अन्नावर राहणारे घर आणि एकाच अन्नावाचून न राहू शकणारा माणूस यांत फरक आहे, आणि तो ताटात डोकावून दिसत नाही. आपल्याच तालुक्यात अशी घरे आहेत, जेथे रोज तेच ते शिजते, कारण दुसरे परवडत नाही. त्यांना आहारातील वैविध्याचा उपदेश करणे निर्दयपणाचे ठरेल.

या विषयाचा सर्वांत नेमका शब्द मला हजरत उमर (रजि.) यांच्याकडे सापडला. इमाम मालिक यांच्या 'मुवत्ता'मध्ये त्यांचे एक वचन आहे. मांसापासून सावध राहा, कारण दारूसारखी त्याची 'जरावत' लागते, असा त्याचा आशय. जरावत हा अरबी शब्द शिकारी कुत्र्यासाठी वापरीत. ज्याला एकदा शिकारीची सवय लावली की तो तिच्यामागे धावतच सुटतो. आपल्या मराठीत याला अचूक शब्द आहे : चटक. आवड असणे वेगळे, सवय होणे वेगळे आणि चटक लागणे वेगळे. हजरत उमर यांनी मांस हराम ठरविले नाही. ते तसे ठरविणारे कोण! ते स्वतः खात होते. त्यांनी बोट ठेवले ते त्या ओढीवर, जिच्यापुढे माणसाचे 'नाही' चालत नाही.

त्याच ठिकाणी आणखी एक प्रसंग आहे. हजरत जाबिर बिन अब्दुल्लाह (रजि.) मांस घेऊन चालले होते. हजरत उमर यांनी हे काय, असे विचारले. मांस खाण्याची फार इच्छा झाली म्हणून एका दिरहमचे विकत घेतले, असे हजरत जाबिर म्हणाले. त्यावर हजरत उमर यांनी विचारले की, शेजाऱ्यासाठी किंवा चुलतभावासाठी आपले पोट थोडे आवळावे, असे तुमच्यापैकी कोणालाच वाटत नाही काय? आणि त्यांनी सूरह अल-अहकाफच्या त्या आयतीची (४६:२०) आठवण करून दिली, जिच्यात परलोकी नरकाग्नीसमोर आणलेल्यांना सांगितले जाईल की, तुमच्या वाट्याच्या उत्तम वस्तू तुम्ही ऐहिक जीवनातच संपवून टाकल्या. ही आयत इन्कार करणाऱ्यांविषयी आहे, हे हजरत उमर जाणत नव्हते असे थोडेच! तरीही त्यांनी तिचा आरसा आपल्याच माणसांपुढे धरला, तोही एका दिरहमच्या मांसासाठी.

आता हजरत उमर यांची ही कसोटी हातात घेऊन पुन्हा फॉन्ड डु लॅकला जाऊ. गोर्स्की यांच्या बिग मॅकविना गेलेल्या मोजक्या दिवसांपैकी एक दिवस हवामानामुळे चुकला नव्हता, की दुकान बंद होते म्हणूनही नव्हे. तो १९८८ साली त्यांच्या आईच्या निधनाचा दिवस होता. आईने तशी इच्छा व्यक्त केली होती, म्हणून त्या दिवशी त्यांनी तो खाल्ला नाही. मला त्यांच्या संपूर्ण विक्रमात हा एक दिवस मोठा वाटतो. चौतीस हजारांच्या नोंदीपेक्षा ती एक रिकामी जागा अधिक बोलकी आहे. वादळानंतर फ्रीजर भरून ज्या ओढीची सोय केली गेली, तिला आईचा एक शब्द थोपवू शकला. याचा अर्थ बेडीची किल्ली त्यांच्याच खिशात होती. आपल्यापैकी किती जणांना ती सापडते?

दुसऱ्याकडे बोट दाखविण्यापूर्वी कबुली देतो. या ओळी लिहिणारा बर्गर खात नाही, परंतु चहाचा बंदा आहे. रमजानच्या पहिल्या तीन-चार दिवसांत जोहरनंतर जे डोके ठणकू लागते, ते भुकेने नव्हे; पहाटेचा घाईघाईने घेतलेला एक कप त्याला पुरत नाही म्हणून. अनेक वर्षे मी त्या डोकेदुखीला रोजाची कसोटी समजून मनातल्या मनात पुण्य मोजीत होतो. पुढे उमगले की ती माझ्या अकरा महिन्यांची थकबाकी होती. रोजा एक महिना आपल्याला हेच दाखवितो की पाणी, अन्न, जोडीदार, हे सर्व हलाल असूनही अल्लाहसाठी काही तास बाजूला ठेवता येते. मग मगरिबच्या अजानबरोबर आपण ते कसे जवळ करतो, ते ज्याने त्याने पाहावे. मुंबईत मुहम्मद अली रोडवर रमजानच्या रात्री फिरलेल्यांना अधिक सांगणे नलगे.

एक सूक्ष्म धोका येथे नोंदविला पाहिजे. सूरह अल-फुरकानमध्ये (२५:४३) अशा माणसाचा उल्लेख आहे, ज्याने आपल्या वासनेलाच आपले उपास्य बनविले. म्हणून रोज वडापाव खाणाऱ्या मुलाला कोणी मुश्रिक म्हणू लागला, तर तो मोठा अन्याय होईल आणि स्वतः म्हणणाऱ्याच्याच ईमानाला धोका होईल. तसे मुळीच नाही. परंतु उपासनेची काही बाह्य लक्षणे चटकेत दिसू लागतात, हे नाकारता येत नाही. ठरलेली वेळ, चुकल्यास हुरहुर, चुकू नये म्हणून आधीच केलेली तजवीज आणि काटेकोर हिशेब. प्रेषित (स.) यांनी अल्लाहला सर्वांत प्रिय म्हणून सांगितलेले कर्म ते, जे थोडे असले तरी नित्य असते. नित्यपणा ही माणसाला मिळालेली केवढी मोठी शक्ती आहे, हे गोर्स्की यांच्या पावत्या पाहून कळते. पन्नास वर्षे न चुकता एखादी गोष्ट करणे माणसाला साधते! आमची फजरची नमाज हिवाळ्यात चुकते तेव्हा आम्ही म्हणतो, माणूस आहे, रोज कसे जमणार?

आता आपल्या घराकडे वळू. भारतात मॅक्डोनाल्ड्स १९९६ साली आले, गोमांसाविना आले. तेव्हा जन्मलेली मुले आज स्वतः आईबाप आहेत. आता शवर्मा, बर्गर, फ्रँकी, पिझ्झा यांची नावे जिल्ह्याच्या गावीही पाठ आहेत. अम्मीने ज्वारीची भाकरी आणि मसुरीची डाळ वाढली की मुलगा ताट सरकवतो आणि मोबाईलवर दोन बोटांनी शवर्मा मागवतो. तो हलाल असेल; पण कुरआनने 'हलाल' या शब्दाला 'तय्यिब' म्हणजे शुद्ध व उत्तम, ही जोड दिली आहे. (२:१६८) शिवाय त्या सरकवलेल्या ताटामागे कोणीतरी दोन तास चुलीपुढे उभे होते. पदार्थापेक्षा मला ते सरकविणे अधिक खुपते.

यावर उपाय म्हणून पालक रागाच्या भरात एक वाक्य बोलून जातात : 'आजपासून हे तुझ्यावर हराम!' किंवा मुलगाच त्वेषाने तसे बोलतो. हे टाळा. काही सहाबांनी, कोणी विवाह न करण्याचे, कोणी मांस न खाण्याचे, कोणी बिछान्यावर न झोपण्याचे ठरविले, तेव्हा प्रेषितांनी त्यांना रोखले आणि आपल्या मार्गापासून तोंड फिरविणारा आपल्यापैकी नाही, असे बजावले. (हदीस : मुस्लिम) पत्नींच्या समाधानासाठी खुद्द प्रेषितांनी मध न घेण्याचे ठरविले, त्यावर सूरह अत-तहरीमची पहिली आयत उतरली. अतिरेक अतिरेकाने तुटत नाही. काही मुलांना विशिष्ट पदार्थाचा वास, स्पर्श खरोखरच सहन होत नाही. त्यांच्याशी हट्टाने नव्हे, सबुरीने वागावे लागते आणि गरज वाटल्यास डॉक्टरांचा सल्ला घ्यावा लागतो. जब्बपासून हात मागे घेणारे प्रेषित आपल्यासमोर आहेत. जबरदस्तीने भरविलेला घास सुन्नत नव्हे.

त्यापेक्षा मुलाला आपल्या ताटाशी बसवा. हजरत अनस (रजि.) यांना दुध्याचे गुणधर्म कोणी शिकविले नव्हते. ते एका प्रिय व्यक्तीसोबत एका ताटाशी बसले होते, एवढेच. आज आपल्या घरात बाप रात्री अकराला जेवतो, मुलगा खोलीत, आई सर्वांच्या नंतर. मग कोणाचा हात कोणत्या फोडीकडे जातो, हे कोणाला दिसणार? आवडता पदार्थ बंद करू नका, त्याची वाटणी करा. आठवड्यातून एकदा तो आणा आणि शेजारच्या घरी त्यातला हिस्सा मुलाच्याच हातून पाठवा. रश्श्यात पाणी वाढवून शेजाऱ्याची आठवण ठेवण्याचा उपदेश हजरत अबू जर (रजि.) यांना झाला होता, शवर्म्यात पाणी वाढविता येत नाही, पण दोनाऐवजी तीन मागविता येतात. मोठ्यांसाठी सोमवार आणि गुरुवारचा रोजा आहे, तो चटकेला न ओरडता उत्तर देतो.

आणि ज्याने आधीच शपथ घेऊन टाकली आहे, त्याने काय करावे, हा प्रश्न हमखास येतो, म्हणून सांगतो. अमुक पदार्थ माझ्यावर हराम, एवढेच कोणी म्हटले असेल, तर हनफी फिकहनुसार ती शपथ धरली जाते. तो पदार्थ हराम होत नाही, पण खाल्ल्यास कफ्फारा द्यावा लागतो. शाफई फिकहनुसार, ज्याचे अनुसरण आपले कोकणी बांधव करतात, अन्नाविषयी केवळ असे म्हटल्याने शपथ होत नाही आणि कफ्फाराही येत नाही. अल्लाहचे नाव घेऊन शपथ घेतली असेल आणि मोडली असेल, तर दोन्हींकडे कफ्फारा आहे. तो सूरह अल-माइदामध्ये (५:८९) सांगितला आहे : दहा गरजूंना जेवण देणे किंवा त्यांना वस्त्रे देणे, किंवा गुलाम मुक्त करणे, यांपैकी काहीच शक्य नसेल त्याने तीन रोजे ठेवावेत. ते जेवण कसे असावे, हेही आयतीतच आले आहे. आपण आपल्या घरच्यांना जे मध्यम प्रतीचे अन्न खाऊ घालतो, तसे. शपथ बर्गरची मोडली असली तरी त्या दहा ताटांत घरची भाकरी आणि डाळ वाढलेली चालेल.